मासा मिळेलच असं नाही

हिमालयातल्या नद्यांवर फ्लाय फिशिंगच्या सहली आखून देणं हे माझं काम. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्या चौकशीत रस्ता, थंडी, जेवण, दर या गोष्टी मागाहून येतात. पहिला प्रश्न असतो, ‘मासा नक्की मिळेल ना?’ प्रश्नात गैर काही नाही. वर्षभराची रजा साठवून, विमानाचं तिकीट काढून, चंडीगडहून पुढे दिवसभर गाडीत बसून माणूस औटजवळ मनालीचा रस्ता सोडतो आणि लारजीमार्गे बंजारच्या, म्हणजे तीर्थन नदीच्या, खोऱ्यात पोचतो. एवढं केल्यावर त्याला रिकाम्या हातानं परतायचं नसतं. तरीही या प्रश्नाला ‘हो’ म्हणू नये, असं या कामानं मला शिकवलं आहे. ‘सांगता येत नाही’ हे उत्तर धंद्याच्या दृष्टीनं वाईटच. शेजारचा ‘हंड्रेड पर्सेंट’ म्हणतो आणि गिऱ्हाईक तिकडे वळतं. पण हमी दिली की ती पाळावी लागते, आणि पाळायची तर नदीत काहीतरी करावं लागतं. ते ‘काहीतरी’ काय असतं हे नीट पाहिलं, तर एक गोष्ट ध्यानात येते: माशाची हमी देणारी सहल हळूहळू नदीचीच गरज संपवून टाकते. हे विधान जरा टोकाचं वाटेल, म्हणून ते मुळापासून मांडतो.

आपल्याकडे कोकणात गरवायला बसणारा माणूस गरीला आमिष लावतो, वर शिशाचं वजन अडकवतो आणि दोर भिरकावतो. वजन पुढे जातं, दोर त्याच्या मागून. फ्लाय फिशिंगमध्ये हा क्रम उलटा आहे. पिसं, केस आणि धागा गळावर गुंडाळून केलेली खोटी माशी इतकी हलकी असते की ती फेकताच येत नाही. फेकायची असते ती लाइन. पाच नंबरच्या लाइनीच्या पहिल्या तीस फुटांचं वजन जेमतेम नऊ ग्रॅम भरतं, आणि तेवढ्या वजनानं रॉड मागे वाकवून पुढे सोडायचा असतो. मागे गेलेली लाइन हवेत पूर्ण उलगडेपर्यंत हात थांबवणं, ही नवख्याला सगळ्यात जड जाणारी गोष्ट. ते जमलं तरी काम संपत नाही. माणूस आणि मासा यांच्यामध्ये बहुधा एक वेगवान धार असते. माशी पलीकडच्या संथ पाण्यात अलगद उतरते, पण मधली धार लाइनीला पोट काढते, पोट माशीला ओढतं, आणि पाण्यावर बोटभर रेघ उठते. खरा किडा असा धावत नाही. ट्राउट मासा वर येतो, पाहतो आणि खाली जातो. म्हणून लाइन पाण्यावर पडताक्षणी मनगटानं ती वरच्या अंगाला उचलून ठेवायची, म्हणजे माशीला पुढचे तीन-चार सेकंद मोकळे मिळतात. त्यातही ट्राउट आपलं बहुतेक खाणं पाण्याखालीच उरकतो, कारण मेफ्लायसारखे किडे कित्येक महिने तळाच्या दगडांना चिकटून काढतात आणि पंख फुटल्यावर जेमतेम दिवसभर जगतात. पाणी, प्रकाश, किडा आणि मनगट या चौघांचं एकाच वेळी जुळावं लागतं. त्यातल्या पहिल्या तिघांवर कुणाचीच सत्ता चालत नाही.

तीर्थन खोऱ्यातला हंगाम पाहिला की हे आणखी स्पष्ट होतं. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारीला बंदी असते, कारण ब्राउन ट्राउटची मादी याच थंडीत खडीत खळगा करून अंडी घालते. मार्चमध्ये परवाने पुन्हा सुरू होतात तेव्हा पाणी नितळ आणि बर्फगार असतं, मासा सुस्त असतो. एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडच्या शाळांच्या सुट्ट्या, सगळ्यात जास्त मागणीचे दिवस. नेमकं तेव्हाच वरचं बर्फ वितळत असतं. सकाळी पाणी उतरलेलं आणि स्वच्छ, दुपारनंतर चढलेलं आणि गढूळ. म्हणजे ज्या पाहुण्याला नाश्ता करून आरामात अकराला निघायचं आहे, त्याचा दिवस निघण्यापूर्वीच अर्धा संपलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस, आणि पाऊस म्हणजे या खोऱ्यांत कधी कधी सरळ पूर. पावसानंतरचे सप्टेंबर-ऑक्टोबर हे खरे गळाचे दिवस, पण तेव्हा आपल्याकडे गणपती, नवरात्र आणि सहामाही परीक्षा. महाराष्ट्रातल्या पाहुण्याची सवड आणि तीर्थनची सवड सहसा एकत्र येत नाही. हमी देणाऱ्याला ही दरी भरून काढावी लागते, आणि ती कॅलेंडरनं भरत नाही.

मग ती कशानं भरते? या धंद्यात तीन वाटा आहेत, आणि तिन्ही सर्रास वापरात आहेत. पहिली, माशी बाजूला ठेवून गांडूळ किंवा पिठाची गोळी लावणं. आमिष मासा गिळतो, गळ घशात उतरतो, आणि असा मासा सोडून दिला तरी त्याची जगण्याची शक्यता बरीच घटते. माशी बहुतेक वेळा ओठात अडकते, म्हणून सुटल्यावर मासा सावरतो. दुसरी वाट म्हणजे दोन-चार ओळखीचे डोह रोज, प्रत्येक पाहुण्याकडून, उपसत राहणं. तिसरी वाट सगळ्यात सोयीची: हॅचरीत वाढलेले मासे आणून सोडणं. सिमेंटच्या हौदात, गर्दीत, दाण्यावर वाढलेला ट्राउट माणसाच्या सावलीला दचकत नाही, उलट सावली म्हणजे दाणा हे तो शिकलेला असतो. असा मासा पाण्यात सोडला की पाहुण्याला तो मिळतो, फोटो निघतो, पैसे वसूल. पण इथेच हिशेब फिरतो. अशा माशाला थंड, वाहतं पाणी फार तर काही दिवस हवं असतं. त्याला अंडी घालायला खडी लागत नाही, त्याच्या पिल्लांना किडे लागत नाहीत, किड्यांना स्वच्छ तळ लागत नाही, कारण पुढची तुकडी टेम्पोनं येणारच असते. हमी हवी असेल तर तळं पुरतं. नदी ज्या एका कारणासाठी लागते, ते म्हणजे आपल्या बळावर जन्मलेला, वाढलेला आणि म्हणूनच मिळेल की नाही सांगता न येणारा मासा.

ही केवळ भावनेची गोष्ट नाही, याचा मोठा पुरावा अमेरिकेतल्या मोंटाना राज्यानं दिला आहे. फ्लाय फिशिंगच्या जगात मोंटानाचं नाव पहिल्या रांगेत घेतलं जातं. तिथेही १९६० च्या दशकात सरकार नद्यांमध्ये हॅचरीचे ट्राउट भरपूर सोडत असे, आणि गळवाल्यांचा त्याला पाठिंबा होता. डिक व्हिन्सेंट या सरकारी जीवशास्त्रज्ञानं मॅडिसन नदी आणि ओडेल क्रीक या प्रवाहांत त्याचा परिणाम तपासला. जिथे हॅचरीचे मासे सोडणं थांबवलं तिथे रानटी ट्राउटची संख्या वाढली. जिथे नव्यानं सोडायला सुरुवात केली तिथे ती घटली. बाहेरून घातलेली भर आतल्या साठ्यालाच खात होती. व्हिन्सेंट यांच्या निष्कर्षांवर बरीच आरडाओरड झाली. हॅचऱ्या चालवणारे नाराज, दुकानदार नाराज, ‘आमचे मासे बंद केले’ म्हणून गळवालेही नाराज. तरी १९७४ मध्ये राज्यानं स्वतःच्या बळावर ट्राउट टिकवणाऱ्या नद्यांमध्ये मासे सोडणं बंद केलं. मोंटानातला हा उद्योग त्यानंतर बुडाला नाही, उलट तिथल्या नद्यांची आजची कीर्ती रानटी ट्राउटवरच उभी आहे. हमी काढून घेतल्यावर गिऱ्हाईक पळून जाईल, ही भीती किमान एका मोठ्या आणि जुन्या बाजारपेठेत खोटी ठरली.

दुसरा पुरावा घरचा आहे आणि तो जास्त बोचतो. कावेरीतला बुजका महासीर, म्हणजे पाठीवर उंचवटा असलेला, हा गळवाल्यांच्या जगात दंतकथा झालेला मासा. १९४६ मध्ये कावेरीच्या काबिनी या उपनदीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा महासीर पकडला होता. पुढे भीमेश्वरी, गालिबोर इथल्या कॅम्पांवर देशोदेशीचे लोक याच माशासाठी येत. याच काळात महाराष्ट्रात, लोणावळ्याला वळवण धरणाजवळ, टाटांच्या केंद्रात महासीरची कृत्रिम पैदास यशस्वी झाली. ही शास्त्रीय कामगिरी मोठी होती आणि हेतू संरक्षणाचाच होता. धरणांनी महासीरचे वरच्या पाण्याकडे जाण्याचे मार्ग तोडले होते. पण पैदास व्हायची ती दख्खनच्या महासीरची, ज्या माशाचं वर्णन कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतून १८३९ मध्ये केलं. त्याची पिल्लं कर्नाटकात गेली, कावेरीत सुटली, तिथे रुजली आणि वाढली. गळाला लागणाऱ्या माशांची संख्या वाढली, कॅम्पवाले खूश झाले. गालिबोरला गळवाल्यांच्या पकडीची जी नोंद १९९८ ते २०१२ या काळात ठेवली गेली, ती संशोधकांनी नंतर उलगडली तेव्हा दुसरंच चित्र दिसलं. एकूण मासे वाढत होते, आणि ज्याच्यासाठी सगळे येत होते तो बुजका महासीर जवळपास नाहीसा होत होता. २०१८ मध्ये तो ‘अत्यंत संकटग्रस्त’ यादीत गेला. नदीत मासे भरपूर आहेत, हे खरं असतानाही नदी आपला मासा गमावते, हे या उदाहरणातून शिकण्यासारखं आहे. आणि हेही, की ते कळलं ते गळवाल्यांनी प्रामाणिकपणे ठेवलेल्या नोंदींमुळेच.

इथे जाणकार वाचक माझ्या युक्तिवादाचा पायाच काढून घेऊ शकतो. तीर्थनमधला ब्राउन ट्राउट तरी कुठला? तोही सोडलेलाच. श्रीनगरमध्ये गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल यांनी १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून आणवलेली अंडी काश्मिरात जगवली. तिथून १९०९ च्या आसपास हॉवेल या अधिकाऱ्यानं कुलूमध्ये ट्राउट आणला. साहेबाला घरच्यासारखी शिकार हवी होती, म्हणजे ही मूळचीच हमी. शिवाय ब्राउन ट्राउट आणि रेनबो ट्राउट हे दोघेही जगातल्या शंभर अतिउपद्रवी परक्या जीवांच्या यादीत आहेत, आणि इथला मूळचा स्नो ट्राउट त्यांच्यापुढे मागे हटला आहे. मग रानटीपणाचा आव कशाला? आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देता येत नाही. पण तो नीट वाचला तर तो माझ्याच बाजूनं बोलतो. शंभर वर्षांपूर्वीच्या हमीची किंमत स्नो ट्राउट अजून भरतो आहे. म्हणून आज नवी हमी देताना दहा वेळा विचार करावा. जो ब्राउन ट्राउट आता पिढ्यान्‌पिढ्या तिथल्याच खडीत जन्मतो, तो उतारावरच्या, धबधब्यांनी तुटलेल्या एवढ्या पाण्यातून वेचून काढता येणार नाही. मात्र ज्या उपनद्यांत तो अजून पोचलेला नाही तिथे तो नेऊ नये, हे आपल्या हातात आहे. ‘आणखी एक नवं पाणी’ दाखवण्याचा मोह याच धंद्याला सगळ्यात जास्त असतो.

दुसरा आक्षेप दयेचा. पकडून सोडायचंच असेल तर पकडता कशाला? मासा मिळो न मिळो म्हणता, मग गळ तरी का लावता? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या तोंडाभोवती इजा जाणवणाऱ्या मज्जातंतूंची टोकं दाखवून दिली. स्वित्झर्लंडमध्ये तर सोडून देण्याच्या हेतूनंच मासा पकडायला २००९ पासून मनाई आहे. तिथला विचार असा, की खायचा नसेल तर जिवाला त्रास देऊ नये. मी त्या टोकाला जात नाही, पण त्या विचारातलं वजन मान्य करतो. माझं उत्तर एवढंच, की त्रास शून्यावर आणता येत नाही, पण तो किती द्यायचा हे ठरवता येतं, आणि हमीची सहल तो नेमका वाढवते. काट्याविना गळ, हात ओले करूनच माशाला स्पर्श, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. जाळी पाण्यातच ठेवून गळ काढणं. फोटोसाठी उचललाच तर आपल्याला श्वास धरून ठेवता येईल तेवढाच वेळ. पाणी वीस अंशांच्या वर गेलं तर रॉड गुंडाळणं. दोन-तीन मासे झाले की त्या दिवसापुरतं पुरे, हा नियम हमीच्या सहलीत पाळताच येत नाही, कारण तिथे आकडा हेच विकलेलं असतं. परवान्याच्या मर्यादेत एखादा मासा खायला ठेवण्यालाही माझी हरकत नाही. दिवसभर पकड-सोड करून वीस माशांना दमवण्यापेक्षा एक मासा चुलीवर जाणं मला जास्त सरळ वाटतं.

तिसरा आक्षेप पोटाचा, आणि तो खोऱ्यातूनच येतो. गुशैणी, नागिणी, साईरोपा इथे घरोघरी होमस्टे झाले आहेत, कर्जं काढून खोल्या चढल्या आहेत. मासा नाही मिळाला तर पाहुणा पुढच्या वर्षी येणार नाही, हे शहरात बसलेल्यानं सांगायला काय जातं? या खोऱ्याचा आपला इतिहासच याचं उत्तर देतो. जिथे तीर्थन आणि सैंज बियासला मिळतात त्या लारजीला १२६ मेगावॉटचा प्रकल्प उभा आहे. खुद्द तीर्थनवर मात्र वीजप्रकल्प नकोत म्हणून इथली माणसं न्यायालयापर्यंत भांडली आणि नदी मोकळी राहिली. त्या भांडणात ट्राउट हा एक मुद्दा होता. नदी बोगद्यात घातली तर काय जाईल, याला दाखवायला त्यांच्यापाशी वाहत्या, थंड पाण्याशिवाय न जगणारा मासा होता. उद्या हाच मासा हौदातून येतो हे सिद्ध झालं, तर तो मुद्दा कुणाच्या उपयोगाचा? वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क आहे, २०१४ पासून जागतिक वारसा यादीत. पार्कच्या खालच्या इकोझोनमधल्या गावांचं उत्पन्न त्या पाण्याशी बांधलेलं राहिलं, तरच गावं त्या पाण्याची राखण करतील. ताडोबात वाघ दिसलाच पाहिजे या हट्टापायी एका वाघाभोवती जिप्सींची रांग कशी लागते, हे मराठी पर्यटकानं पाहिलेलं आहे. तिथे किमान वाघ टेम्पोनं आणता येत नाही. ट्राउट आणता येतो, म्हणून इथला धोका जास्त.

मग पैसे कशाचे घ्यायचे? ज्याची हमी देता येते त्याचे. परवाना वेळेवर निघेल. पाहुणा पहाटे, पाणी चढण्याआधी, धारेवर असेल. जे पाणी काल मारलं ते आज विश्रांतीला राहील. रॉड नीट जुळवलेला असेल आणि सोबत असणाऱ्या माणसाला त्या डोहाचा तळ माहीत असेल. पहिला दिवस मासा नव्हे, फेक शिकण्यात जाईल, हे आधीच सांगितलेलं असेल, आणि शिकवणारा चांगला असेल. माझ्या अनुभवात निराश होऊन परतणारे पाहुणे बहुधा मासा न मिळालेले नसतात. आधी एक सांगून नंतर दुसरंच पदरात पडलेले असतात. फेक जमू लागलेला माणूस मासा न मिळताही पुढच्या वर्षी तारखा विचारतो, आणि या वेळी एप्रिल नव्हे, सप्टेंबरच्या विचारतो. याहून महत्त्वाची गोष्ट गाइडच्या मजुरीची. बक्षिसी माशामागे ठरली की गाइडच्या खिशात गांडुळाची डबी येते, हे कुणी सांगायला नको. त्याचा त्यात दोषही नाही. म्हणून त्याचा रोज ठरलेला असावा, मासा मिळो वा न मिळो, आणि दर दिवसाच्या पकडीची, न मिळालेल्या दिवसांसकट, वही ठेवणं हा त्याच्या कामाचाच भाग मानून त्याचे पैसे द्यावेत. गालिबोरच्या वह्यांनी जे उशिरा सांगितलं ते तीर्थनच्या वह्या वेळेत सांगू शकतील. एवढं सगळं समजावूनही ज्याला मासा नक्कीच हवा असतो, त्याला मी कुलू खोऱ्यातल्या सरकारी ट्राउट फार्मचा रस्ता सांगतो. तिथे मासा खात्रीनं मिळतो, ताजा, किलोच्या भावानं, आणि त्यासाठी रजा काढून गार धारेत उभं राहावं लागत नाही.